मुक्काम पोस्ट मूलिन

१७७३ च्या सप्टेंबरची पहिली तारीख. इंग्रजीचे कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल घोड्यावरून डोंगर ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्लेनेल्ग गावी पोचले, ते थकून आणि एकमेकांवर वैतागून. गावात इन होती, पण नावापुरती. मटण विचारलं, नव्हतं. दूध, पाव, अंडी, वाइन, काय विचाराल ते नव्हतं. जवळच राहणाऱ्या एका भल्या गृहस्थाने रमची बाटली आणि साखर पाठवली म्हणून वेळ निभावली. बिछान्याचा एकूण रंग पाहून जॉन्सनसाहेबांनी गवत मागवलं, ते पसरलं आणि अंगातला जाड कोट न काढता त्यावर आडवे झाले. बॉस्वेल जरा नाजूक. त्याने गवतावर चादर घातली. पुढे तीस वर्षांनी, १८०३ मध्ये, कवी वर्ड्‌स्वर्थची बहीण डोरोथी ग्लेनकोजवळच्या किंग्जहाउस इनमध्ये उतरली. तिच्याही प्रवासवर्णनात तीच रड आहे: चादरी ओल्या, विस्तव पेटता पेटेना आणि पानात आलेलं मटण दाताला दाद देईना.

पर्यटनाच्या जाहिरातींत ‘जुन्या काळची उबदार स्कॉटिश इन’ दिसली की मला ही दोन वर्णनं आठवतात. जुन्या काळी ती उबदार नव्हती. जुन्या आहेत त्या भिंती. आतलं सुख बरंचसं अलीकडचं आहे, आणि ते कायद्याने, रेल्वेने, एका राणीच्या हौसेने आणि गावकऱ्यांच्या रोजच्या राबत्याने थोडं थोडं करत जमलेलं आहे. पर्थशरमधल्या मूलिन गावच्या इनमध्ये एक रात्र काढली तेव्हा हे सगळे थर एका छपराखाली बघायला मिळाले.

स्कॉटलंडमध्ये इन ही गोष्ट मुळात सरकारी हुकमाने सुरू झाली. १४२४ साली पहिल्या जेम्स राजाच्या पार्लमेंटने कायदा केला, की शहरांत आणि वाहत्या रस्त्यांवर उतारूंसाठी खोल्या नि घोड्यांसाठी तबेले असलेल्या जागा असाव्यात आणि तिथे वाजवी दरात पाव, एल (म्हणजे तिकडची पारंपरिक बिअर) आणि इतर अन्न मिळावं. जागा झाल्या, पण गिऱ्हाईक येईना. लोक आपले ओळखीपाळखीच्यांकडे उतरत राहिले. इनवाल्यांनी राजाकडे तक्रार केली आणि लगेच दुसरा कायदा आला: प्रवाशाने इनमध्येच उतरायचं, मित्राच्या घरी नाही, नाहीतर दंड. आम्हा मराठी माणसांना हा कायदा भलताच महागात पडला असता. एडिनबरात आम्ही भाच्याकडेच मुक्काम ठोकला होता, आणि त्याच्या फ्रीजमधली चटणी-लोणची संपत आल्यावरच बाहेर पडायचा विषय निघाला.

भाचा म्हणाला, “मामा, गाडी काढतो, पण मग संध्याकाळी मला नुसतं पाणी. त्यापेक्षा ट्रेनने जाऊ.” त्याचं म्हणणं खरं होतं. डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडमध्ये वाहनचालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली आहे. इंग्लंडमध्ये अजून ८० च आहे. म्हणजे इकडे एका पिंटनंतरही माणूस स्टिअरिंगला हात लावायला कचरतो. खेडोपाडीच्या पबांचा धंदा याने बसला अशी ओरड तेव्हा झाली. पण ज्यांच्याकडे वर खोल्या आहेत आणि मागे चांगलं स्वयंपाकघर आहे, त्यांच्याकडे तरी राहून जेवायला यायला आता एक जास्तीचं कारण झालंय.

एडिनबराहून इन्व्हर्नेसच्या दिशेने जाणारी गाडी पर्थ, डंकेल्ड करत पावणेदोन-दोन तासांत पिटलॉक्रीला सोडते. ऑक्टोबर चालू होता. डंकेल्डपासून पुढे दोन्ही अंगांना लार्चची झाडं पिवळी पडू लागली होती. सूचिपर्णी असून पानगळ होणारं हे झाड इथलं नव्हे. अठराव्या शतकापासून अ‍ॅथॉलच्या ड्यूकांनी बाहेरून आणून ते लाखांनी लावलं. आज पर्थशरचा ‘नैसर्गिक’ शरद म्हणून ज्याचे फोटो निघतात, तो त्या सरदारघराण्याच्या वनशेतीचा उरलेला हिशेब आहे. पिटलॉक्रीच्या स्टेशनात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे, धर्मादाय कामासाठी चालवलेलं. तिथे बायको अडकली. तिला सोडवून आणीपर्यंत टॅक्सी गेली होती, मग चालतच निघालो.

पिटलॉक्री खाली दरीत, मूलिन वर चढावर. अंतर जेमतेम मैलभर, पण चढ आहे आणि चाकांची बॅग दगडी फूटपाथवर खडखडत ओढायची म्हणजे सगळ्या गावाला वर्दी देत जाणं आलं. मूळ वस्ती वरची. चर्च वर, बाजार वर, इन वर. जुनी वाट ओल पकडणाऱ्या दरीच्या तळातून न जाता उतारावरून जायची. १७२८ ते १७३० या काळात जनरल वेडने डंकेल्डहून इन्व्हर्नेसला लष्करी रस्ता काढला, हायलँडमधल्या बंडखोर टोळ्यांवर वचक ठेवायला. तो खालून गेला. १८६३ मध्ये रेल्वे आली, तीही खालूनच. पिटलॉक्रीत हॉटेलं, दुकानं, लोकरीच्या गिरण्या, सगळं वाढत गेलं आणि मूलिन तिथल्या तिथे राहिलं. इनच्या दृष्टीने हे पथ्यावरच पडलं म्हणायचं. मोठा रस्ता दारातून गेला असता तर त्या जागी एव्हाना तीनमजली हॉटेल आणि बसचा वाहनतळ झाला असता.

चौकात पोचल्यावर पांढऱ्याफेक भिंतींची, काळ्या कडांच्या खिडक्यांची इमारत समोर येते. स्थापना १६९५. वर्ष लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्याआधी सहाच वर्षं, जुलै १६८९ मध्ये, इथून चारेक मैलांवर किलिक्रँकीच्या खिंडीत जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजाच्या बाजूच्या, हायलँडरांनी सरकारी फौजेचा धुव्वा उडवला होता आणि त्या विजयातच त्यांचा सेनापती डंडी कामी आला. आणि १६९५ पासूनच स्कॉटलंडमध्ये पिकं बुडायला लागली. पुढची काही वर्षं दुष्काळात माणसं गावं सोडून गेली. अशा दिवसांत कुणीतरी इथे इन काढली. कोण कशासाठी प्रवास करत असेल त्या वेळी? गुरांचे व्यापारी, सैनिक, जत्रेला येणारे फिरते विक्रेते, पोटासाठी निघालेले. सुखासाठी फिरणारं कुणी नसणार.

सुखासाठी फिरणारे आले ते पुढच्या शतकांत, आणि त्यांना आणण्यात राणी व्हिक्टोरियाचा मोठा हात होता. १८४२ मध्ये ती पहिल्यांदा स्कॉटलंडला आली, १८४४ मध्ये इथून जवळच्या ब्लेअर किल्ल्यात तीन आठवडे राहिली. राणीला जे मानवलं ते सगळ्यांना मानवायला लागलं. डॉक्टर मंडळी पर्थशरच्या हवेची शिफारस करू लागली, रेल्वेने लंडनचे लोक आणून ओतले आणि या लोकांना ओल्या चादरी चालणार नव्हत्या. गरम पाणी, स्वच्छ गादी, वेळेवर नाश्ता, खोलीत विस्तव या मागण्या शहरी गिऱ्हाइकाने आणल्या. तेव्हा हायलँडच्या आतिथ्यात दिलदारी स्कॉटिश असेल, पण गादी बरीचशी व्हिक्टोरियन आहे.

खोली वरच्या मजल्यावर होती. जिना अरुंद, मजल्याच्या फळ्या कुरकुरणाऱ्या, भिंती इतक्या जाड की खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर बसता यावं. पलंग मोठा, पांघरूण जड, खाली रेडिएटर. टेबलावर किटली, चहाच्या पिशव्या, दुधाच्या चिमुकल्या डब्या आणि शॉर्टब्रेडची बिस्किटं. ब्रिटनमध्ये कुठेही उतरा, खोलीत किटली असतेच, आणि हा त्या देशाचा मोठेपणा मी मानतो. इथल्या शॉर्टब्रेडमध्ये साखर, लोणी नि पीठ यापलीकडे काही नसतं. प्रमाण साधारण एकास दोन, दोनास तीन. म्हणून तोंडात टाकलं की विरघळतं. सौ.ने तिथल्या तिथे चहा टाकला. पाऊस यायच्या बेतात होता. जुन्या घरांत ओल असते, ती इथे नव्हती. डोरोथीबाईंच्या आठवणीने मी चादर हाताने चाचपून पाहिली, कोरडी होती.

टार्टनबद्दल एक सांगून टाकतो. असल्या बहुतेक इनमध्ये कुठे ना कुठे चौकटीच्या नक्षीचा गालिचा, पडदा किंवा खुर्चीचं कापड असतं आणि आपण ‘अस्सल हायलँड’ म्हणून त्याचा फोटो काढतो. १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर सरकारने हायलँडच्या पुरुषांना टार्टनचा पोशाख घालायला बंदी केली, ती १७८२ मध्ये उठली. तोवर नेहमीच्या वापरातून तो बराच गेलेला. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी समारंभाची सूत्रं हातात घेतली, खुद्द राजालाच किल्ट नेसवला, आणि टार्टन एकदम राष्ट्रीय झालं. घराण्याघराण्याचे ठरावीक नमुने बहुतांशी त्यानंतरचे. गालिच्यावर माझा राग नाही. पण इन गालिच्याहून सव्वाशे वर्षांनी मोठी आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

संध्याकाळी खाली बारमध्ये आलो. खरी इन तळमजल्यावर असते. छत बुटकं, भिंती उघड्या दगडाच्या, लाकडी बाकांनी केलेले आडोसे आणि फायरप्लेसमध्ये ओंडके. चिखलाने माखलेले बूट घातलेलं एक जोडपं नकाशा पसरून बसलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या पायाशी काळा लॅब्राडोर झोपला होता. कोपऱ्यात गावातल्या तिघी-चौघी, त्यांच्यातलं काहीतरी लग्न ठरत होतं नाहीतर मोडत होतं. आम्ही तिघं शिरलो तेव्हा माना वळल्या, नजरानजर झाली आणि माना परत गेल्या. कुणी विचारपूस करायला आलं नाही, कुणी टाळलंही नाही. पाचेक मिनिटांनी आमच्या दिशेने सरकलेल्या कुत्र्यावरून म्हातारबुवांनी बोलायला सुरुवात केली. स्कॉटिश माणूस हवामानावरून किंवा कुत्र्यावरून सुरू होतो. एकदा सुरू झाला की मग क्रिकेटपर्यंत येतो, भारतातून आलात म्हटल्यावर तर नक्कीच.

रीत अशी, की टेबलावर बसून वेटरची वाट बघायची नाही. बारपाशी जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, पेय आपणच उचलून आणायचं. जेवण ते आणून देतात. आम्ही आधी बसून राहिलो होतो. शेवटी बारमागच्या बाईंनी हात वर करून “काय घेणार, प्रिय मंडळी?” अशा अर्थाचं काहीसं विचारलं. उच्चार ऐकून मला पहिल्यांदा काही कळलं नाही. भाच्याने दुभाष्याचं काम केलं.

या इनची स्वतःची ब्रुअरी आहे. १९९५ मध्ये तीनशे वर्षं झाली म्हणून, जिथे एके काळी घोडागाड्या उभ्या राहायच्या त्या जुन्या कोच हाउसमध्ये ती सुरू केली. पूर्वी बहुतेक इन आपली एल आपणच गाळत. मग मोठ्या ब्रुअऱ्यांनी तो धंदा गिळला. मूलिनने तो पुन्हा घरात आणला. ‘लाइट’ सौम्य, ‘ब्रेव्हहार्ट’ त्याहून जरा चढी, ‘एल ऑफ अ‍ॅथॉल’ साडेचार टक्क्यांची आणि ‘ओल्ड रेमेडियल’ ५.२ टक्के, नावाप्रमाणे औषधी. एल पिपातच शेवटपर्यंत आंबत असते आणि हातपंपाने ओढून ग्लासात येते. तिचं तापमान तळघराचं, ११ ते १३ अंश. आपल्याकडच्या बर्फगार बिअरची सवय असलेल्याला पहिला घोट कोमट आणि बिनफेसाचा वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला बार्लीचा भाजका, किंचित गोडसर वास नाकात जातो, आणि मग कळतं की आपली बिअर इतकी गार का देतात: चव कळू नये म्हणून. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. व्हिस्की मात्र २५ किंवा ३५ मिलिलिटरच्या मापाने. कुठलं माप वापरतात ते पाटीवर लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या ‘लार्ज’च्या मानाने ते फारच काटकसरी दिसतं.

बारमध्ये फक्त लाकडाच्या धुराचा वास होता. हीसुद्धा नवलाई अलीकडचीच. २६ मार्च २००६ पासून स्कॉटलंडने बंद सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद केलं, इंग्लंडच्या सव्वा वर्ष आधी. त्याआधीच्या बारमध्ये बसून आलेल्याचे कपडे दोन दिवस गॅलरीत वाळत घालावे लागत.

जेवायला मी हॅगिस मागवलं. मेंढीचं काळीज, यकृत आणि फुफ्फुस बारीक करून त्यात ओट्स, कांदा, चरबी आणि मिरी घालून शिजवतात. पूर्वी ते मेंढीच्या जठरात भरत, आता बहुतेक वेळा कृत्रिम आवरणात. सोबत कुसकरलेला पिवळट स्वीड, म्हणजे सलगमाचा भाऊबंद, आणि कुसकरलेला बटाटा. वर्णन ऐकून नाक मुरडणारे खूप भेटतात. वजडी आवडीने खाणाऱ्या कोल्हापूर-सोलापूरच्या माणसाला यात बिचकण्यासारखं काहीही नाही. मसाला कमी आहे, एवढीच तक्रार राहील. मिरीचा ठसका मात्र चांगला असतो. भाच्याने एलमध्ये शिजवलेलं हरणाचं मांस घेतलं. हायलँडमध्ये तांबडी हरणं बेसुमार वाढली आहेत. त्यांना खाणारा लांडगा केव्हाच संपला, म्हणून दरवर्षी शिकार करून संख्या आटोक्यात ठेवावी लागते. त्यामुळे हे मांस इथे चोरीचं नाही नि चैनीचंही नाही.

बायको शाकाहारी. तिच्यासाठीही हॅगिसच निघालं. डाळी, ओट्स, भाज्या आणि बिया घातलेलं शाकाहारी हॅगिस एडिनबराच्या मॅकस्वीन या खाटीक घराण्याने १९८४ मध्ये काढलं, आणि तेही स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी. एका कवितेच्या ग्रंथालयापायी खाटकाने शाकाहारी पदार्थ शोधावा, ही मला त्या देशाची फार गोड गोष्ट वाटते. बायकोचा अभिप्राय थोडक्यात आला: “मुगाच्या खिचडीत मिरी जास्त पडलीय, पण बरं आहे.” बशी तिने स्वच्छ केली होती.

गप्पांच्या ओघात म्हातारबुवांनी त्यांच्या तरुणपणीच्या रविवारांची गोष्ट काढली. १८५३ च्या फोर्ब्स मॅकेन्झी कायद्याने स्कॉटलंडमधले पब रविवारी बंद केले होते. पळवाट एकच: हॉटेल किंवा इन असेल तर खऱ्याखुऱ्या प्रवाशाला द्यायला हरकत नाही. मग दारात एक वही. कुठून आलो, कुठे चाललो, ते लिहून खाली सही करायची की झालात तुम्ही प्रवासी. परिणाम असा, की रविवारी या गावचे त्या गावी आणि त्या गावचे या गावी प्रवासाला निघत. देवाचा वार, चर्च आटोपलेलं, आणि रस्त्याने माणसांची ही ये-जा. हा प्रकार १९६२ च्या कायद्याने संपला, आणि साधे पब रविवारी उघडायला १९७६ चा कायदा यावा लागला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं इन आणि पब यांच्यातला फरक खोल्यांचा जितका होता तितकाच रविवारचा होता. गावातल्या माणसांचा इनमध्ये इतका हक्काचा वावर का असतो, याचं एक कारण इथे सापडतं. तारांकित हॉटेलात तुम्ही फक्त पाहुण्यांमध्ये बसता. इनमध्ये पाहुणे कमी, घरचेच जास्त. तुम्हाला त्यांच्यात एक खुर्ची मिळते. सुख म्हणून मला विचाराल तर पलंगापेक्षा त्या खुर्चीला मी जास्त गुण देईन.

रात्री पावसाने खिडकी झोडपली. न्हाणीघरात गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे होते; ब्रिटनच्या जुन्या घरांतला हा जुलूम अजून चालू आहे. एका नळाखाली हात भाजतो, दुसऱ्याखाली गोठतो, आणि सुखाचा मध्यबिंदू बेसिनमध्ये बूच लावूनच काढावा लागतो. एरवी तक्रारीला जागा नव्हती.

सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यातच असतो आणि तो घेऊन दुपारचं जेवण टाळता येतं, असा हिशेब आपल्याकडचे सगळे पर्यटक करतात. तो हिशेब बरोबर आहे. अंडी, बेकन, भाजलेला टोमॅटो, मशरूम, टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याच्या बिया, रक्ताचं ब्लॅक पुडिंग; इथपर्यंत इंग्लंडही येतं. पुढचं स्कॉटलंडचं: चौकोनी लॉर्न सॉसेज आणि टॅटी स्कोन, म्हणजे उकडलेला बटाटा पिठात मळून तव्यावर भाजलेली जाडसर त्रिकोणी पोळी. या शेवटच्या पदार्थाला बायकोने पूर्ण मान्यता दिली. ओट्सची पॉरिज मीठ घालून खायची की साखर घालून, यावर तिथे घराघरांत वाद आहेत. जुनी माणसं मिठाच्या बाजूची. मी मीठ घातलं आणि दोन घासांनंतर मध मागितला. वाढणाऱ्या मुलीने तो आधीच आणून ठेवला होता.

इनच्या शेजारीच मूलिनचं चर्च. आता तिथे उपासना होत नाही, पण आवारात जुनी थडगी आहेत. त्यांतली लांब तलवार कोरलेली एक शिळा क्रुसेडरची कबर म्हणून दाखवतात. या मूलिन पॅरिशमधल्या एका शेतघरात १८०६ मध्ये अलेक्झांडर डफ जन्मला. मिशनरी म्हणून तो भारतात निघाला, वाटेत दोनदा त्याचं जहाज फुटलं, पुस्तकांचा संग्रह समुद्रात गेला आणि १८३० मध्ये तो कलकत्त्याला पोचला. त्याच वर्षी राममोहन रॉय यांच्या मदतीने त्याने शाळा काढली. आजचं स्कॉटिश चर्च कॉलेज तिच्यातूनच वाढलं. त्याच सुमारास मुंबईत दुसरा स्कॉटिश मिशनरी, लॉडर गावचा जॉन विल्सन, शाळा काढत होता. १८३२ ची ती शाळा म्हणजे चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजचं मूळ. मराठी वाचकाला डफ म्हटलं की ग्रँट डफ आठवतो, १८२६ चा ‘मराठ्यांचा इतिहास’ लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट. तो हा नव्हे. तोही स्कॉटिशच, पण उत्तर किनाऱ्यावरच्या बॅन्फचा. भाच्याला मी हे सगळं थडग्यांमध्ये उभं राहून समजावलं. तो म्हणाला, “मामा, पाऊस थांबलाय, डोंगर करायचा ना?”

बेन व्रॅकीची वाट इनच्या मागूनच सुरू होते. उंची ८४१ मीटर. जाऊन-येऊन चार-पाच तास धरावेत. आधी ओढ्याकाठचं रान, मग कुंपणाचं फाटक, मग उघडा माळ. ऑगस्टमध्ये जांभळा असणारा हेदर आता तपकिरी झालेला, नेच्यांचे गंजलेले पट्टे, आणि दूर कुठेतरी नर हरणांचं डुरकणं. ऑक्टोबर हा त्यांचा माजाचा महिना. एक लहानसं तळं येतं, आणि तिथून पुढे शेवटची चढण सरळ अंगावर येते. बायको तळ्याशी थांबली. तिच्याजवळ स्टेशनवर घेतलेलं पुस्तक होतंच. वरून पश्चिमेला शिहॅलियनचा शंकू दिसतो. १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिनने त्या डोंगराशेजारी ओळंबा लावून तो डोंगराकडे किती कलतो ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढायचा मार्ग झाला. त्या मोजमापांचं गणित करताना गणिती चार्ल्स हटनने समान उंचीचे बिंदू रेषेने जोडले. आज ट्रेकला नेतो त्या नकाशावर अशाच रेषा असतात.

उतरताना भाच्याने रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन राहिला ते किनेर्ड दाखवलं. मूलिनच्या जरा वरच्या अंगाला, रस्त्याकडेला. १८८१ चा उन्हाळा त्याने तिथे काढला, सतत पावसात आणि खोकल्यात. भुताखेतांच्या गोष्टी तिथेच लिहिल्या, आणि मग ब्रेमारला जाऊन ‘ट्रेझर आयलंड’ सुरू केली. चालायचं त्राण उरलं असेल तर इनपासून शेतांमधून एक पायवाट एड्राडूरच्या डिस्टिलरीकडे जाते, जुन्या काळ्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींजवळून. एड्राडूर १८२५ ची परंपरा सांगते आणि पारंपरिक डिस्टिलरींमध्ये फारच छोटी गणली जाते. आम्ही बॅगा इनमध्येच ठेवल्या होत्या. खोली सोडल्यावरही त्या सांभाळायला कुणी नाही म्हणत नाही, फक्त विचारावं लागतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवारी खोली मिळणं अवघड. सोमवार ते गुरुवार बघा, भाडंही उतरतं. खोली बारच्या थेट वर नको असेल तर आरक्षणाच्या वेळीच सांगा. जुन्या इनमध्ये लिफ्ट धरून चालू नका. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खालच्या मजल्याची चौकशी करावी. टिपेची सक्ती नसते. बारवर तर कुणी देतही नाही, फार तर “तुमच्यासाठीही एक” म्हणून पेयाचे पैसे देतात. रविवारी गाड्या कमी असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बार रात्री अकरापर्यंत उघडा दिसला तरी खेड्यातलं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. आपल्याकडची मंडळी साडेनऊला निवांत हात धुऊन खाली उतरतात आणि मग बटाट्याच्या चिप्सच्या पुड्यांवर रात्र काढतात. एका दुसऱ्या गावी आमचं तेच झालं होतं. मूलिनला बायकोने सातलाच आम्हाला खाली हाकललं.